फाटणारी कोकरं

कोकराची कातडी माझ्या हातात निघून आली तेव्हा सून घरात नव्हती. ती दोन महिन्यांपासून माहेरी होती आणि तिला माहेरी मीच पाठवलं होतं. हे आधी सांगून टाकते. पुढं जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मला अजून समजलेलं नाही, पण एवढं पक्कं आहे.

आमचं घर मेंढ्यांवालं. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते तिच्यावर मेंढ्या चारायच्या, पावसाळ्यात माळावर जायचं, उन्हाळ्यात लोकांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. मालक वारल्यावर मेंढ्या माझा मुलगा वळायचा आणि कोकरं मी बघायची. मेंढी व्याली की कोकरू पुसायचं, आचळाला लावायचं, पंधरा दिवसांनी कानाला काप देऊन आमच्या कळपाची खूण करायची. हे काम मी चाळीस वर्षं केलं. मग गुडघे गेले. बसलं की उठता येईना. तेव्हा कोकरं सुनेच्या हाती दिली.

सून म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची लेक. आमच्यात भाची सून करून आणतात, त्यात नवल काही नाही. मला ती लहानपणापासून आत्या म्हणायची, लग्नानंतरही आत्याच म्हणायची. काम करायची, पण तोंडानं फटकळ. माझ्यावर गेली होती, असं लोक म्हणायचे.

तिनं कोकरं हातात घेतली त्याच वर्षी पहिलं कोकरू फाटलं. मेंढीखाली लावायला तिनं त्याला मानेजवळ धरलं आणि मानेची कातडी चार बोटं उघडली. भिजवलेल्या चिंचोक्याचं टरफल सरकावं तशी सरकली. रक्त फारसं आलं नाही. नुसतं आतलं लाल मांस दिसायला लागलं. कोकरू ओरडलं आणि परत आचळाला लागलं, तेही मला तेव्हा विचित्र वाटलं. चार दिवसांत जखमेत किडे पडून ते मेलं.

मी म्हणाले, "नख लागलं तुझं."

"न्हाई लागलं."

"मंग काय वाऱ्यानं फाटलं?"

तिची नखं मी माझ्या हातानं कापली. पंधरा दिवसांत दुसरं फाटलं, मागच्या पायाच्या जांघेत. मी म्हणाले, बांगड्या लागत असतील. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या मी उतरवायला लावल्या. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या बांगड्या सासूनं उतरवल्या, याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. कळत होता. पण कोकरं मरत होती.

दुसऱ्या वर्षी चार फाटली. सगळी कोकरं फाटत नव्हती, हीच पंचाईत होती. एकाच दिवशी व्यायलेल्या दोन मेंढ्यांपैकी एकीचं कोकरू दगडासारखं टणक, दुसरीचं हात लावला की उघडं. कधी कान धरला तर कान फाटायचा. सगळीच फाटली असती तर रोग म्हटला असता. काही फाटतात, काही नाही, तर मग धरणाऱ्याचा दोष, असं माझं डोकं चाललं. मी चाळीस वर्षांत एक कोकरू फाडलं नव्हतं आणि ही दोन वर्षांत सहा फाडते. यात आणखी काय बघायचं?

भावकीत बोलणं सुरू झालं. माझे चुलत दीर आमच्यातले वडीलधारे, त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी चारचौघांत विचारलं, "वैनी, तुमच्या सुनंच्या हाताला काय हाय? हात लावंल ते फाटून राहिलं."

मी म्हणाले, "हातच वंगाळ हाय तिचा."

ती मागं भाकरी थापत होती. तिनं ऐकलं. थापणं थांबलं नाही.

दिवाळीला ती दोन वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी गेली. आमच्याकडं दिवाळीनंतर आठ दिवसांत सुनेला आणायला माणूस जातो. मी पाठवला नाही. मुलानं दोनदा विचारलं, "आये, जाऊ का आणायला?" मी म्हणाले, "कोकरांचे दिवस निघून जाऊ दे." तो मेंढ्या घेऊन निघून गेला. त्याचा स्वभावच तसा आहे. भावाचा निरोप आला, आणता का ठेवता ते सांगा. मी निरोपाला निरोप दिला नाही. सगळ्यांना कळलं की ती आता येत नाही.

मग पौषात एक मेंढी व्याली. मी गुडघ्याखाली गोणपाट टाकून बसले, कोकरू ओढून घेतलं, पुसलं. पुसता पुसता त्याच्या बरगडीवरची कातडी फडक्याबरोबर आली.

मी माझा हात बघत बसले. नखं कापलेली. बांगड्या मालक गेले तेव्हाच फुटलेल्या. मी त्याला जोरानं धरलं नव्हतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पहिला विचार मनात आला तो असा, की माझाही हात बिघडला. दुसरा असा, की तिनं जाताना काही करून ठेवलं. दोन्ही विचार मी बराच वेळ धरून बसले होते. तिसरा विचार आलाच नाही. मी मुलाला एवढंच म्हणाले, "हे मेलं न्हाई तवर डॉक्टरकडं ने. मी बी येते."

जनावरांचा सरकारी डॉक्टर नवा होता, शहरातला. आम्ही त्याच्याकडं जंताच्या औषधापुरते जायचो. त्यानं कोकराला टेबलावर ठेवलं आणि दोन बोटांनी कातडी जरा उचलली. लगेच सोडली. मग तो उठून कपाटातलं एक जाड पुस्तक काढून वाचायला लागला. डॉक्टर पुस्तक काढतो म्हणजे त्यालाही माहीत नाही, असं मी मुलाला मोठ्यानं म्हणाले. त्याला ऐकू गेलं.

"मावशी, वाचलेलं होतं, बघितलं आज पहिल्यांदा," तो म्हणाला. "अशी किती झाली?"

मी सांगितलं. सुनेचा हातही सांगितला. तो म्हणाला, "हाताचा काही संबंध नाही." इतकं सहज म्हणाला की मला राग आला. दोन वर्षं ज्याच्यावरून घरात आग लागली होती, त्याला हा म्हणतो संबंध नाही.

कोकरू तिथंच मेलं. त्यानं कातडीचा तुकडा कापून उग्र वासाच्या पाण्याच्या बाटलीत टाकला आणि म्हणाला, मोठ्या कॉलेजात पाठवतो, कळलं की बोलावतो. मला वाटलं, हा काही बोलावत नाही. पण होळीच्या आधी त्यानं दुधाच्या गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला.

त्या दिवशी तो जे बोलला ते मी जसं आठवतं तसं सांगते. त्यात चूक असेल तर माझी.

तो म्हणाला, जनावराचं शरीर बारीक बारीक पेशींचं असतं. पेशी डोळ्याला दिसत नाहीत. मी म्हणाले, बरं. तो म्हणाला, कॉलेजातनं पत्र आलंय, तुमच्या कोकराच्या पेशी चांगल्या आहेत.

"चांगल्या हायत तर फाटलं काहून?"

"पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या नसतात, मावशी. कातडीत तर लांब लांब असतात. मधे जागा असते. त्या जागेत धागे असतात आणि एक चिकट खळ असते. कातडी टिकते ती त्या धाग्यांवर. तुमच्या कोकरात मधलं बिघडलंय."

खळ म्हटल्यावर मी जरा सरसावून बसले. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात ती मला माहीत आहे. मी विचारलं, मधले धागे कोण आणून टाकतं? तो म्हणाला, पेशीच काततात आणि बाहेर टाकतात, आणि मग त्याच धाग्यांना धरून बसतात. म्हणजे कातणारी बाई सूत अंगणात फेकते आणि मग त्याच सुताला लोंबकळते. असं कुठं असतं? मी तसं विचारलंही. तो हसला नाही. "तसंच असतं," म्हणाला.

"मंग धागा कच्चा हाय का?"

"धागाही पक्का आहे. नवा धागा निघतो तेव्हा त्याच्या टोकाला शेपूट असतं. ते कापलं गेलं की धागे एकाला एक लागून बसतात, त्यांची दोरी होते. तुमच्या कोकरात ते कापणारी कातरच नाही. शेपटं राहतात, धागे नीट बसत नाहीत."

इथं मी त्याला थांबवलं. सूत मी लहानपणापासून कातलंय. धाग्याला शेपूट राहिलं तर तो दुसऱ्यात गुंततो आणि सुटता सुटत नाही. शेपटानं घट्ट होतं, सैल होत नाही. मी हे त्याला सांगितलं. त्यानं पत्र परत चाळलं. मग म्हणाला, "लोकरीत होत असेल. इथं नाही होत."

"काहून न्हाई होत?"

"ते... हे धागे फार सरळ असतात. एकमेकांत गुंतत नाहीत, शेजारी शेजारी झोपतात. सरपणाच्या मोळीसारखे समजा. प्रत्येक काटकीला एक फांदा राहिला तर मोळी बांधता येईल का?"

मोळी मला समजली. पण मग खळ कुठं गेली आणि पेशी मोळीला कशा धरतात, ते सुटलं. एक समजलं की आधीचं सुटत होतं. मुलगा बाहेर बाकड्यावर बिडी ओढत बसला होता, त्याला आत बोलावलं, तर तो म्हणाला, "तूच आयक, मला काय कळतंय?"

डॉक्टरनं मग नर कोणता ते विचारलं. आमचा नर देवाचा. मालक असताना एका वर्षी रोगानं निम्मा कळप गेला. त्यात आई मेलेलं एक नर कोकरू वाचलं, त्याच्या कपाळाला भंडारा लावून मालकांनी ते देवाला सोडलं. देवाला सोडलेला नर आम्ही विकत नाही, कापत नाही, खच्ची करत नाही. मरेपर्यंत तो कळपात राहतो. बाकीच्यांच्या कळपात दर दोन-तीन वर्षांनी नर बदलतात. आमच्याकडं बदलायची गरजच वाटली नाही, असा तो उंचापुरा, गळ्यावर रग्गड लोकर. त्याच्या लेकी मोठ्या झाल्या, त्या व्यायला लागल्या, त्यांनाही तोच. हे कोणी मुद्दाम केलं नाही. कोणी बघितलंच नाही.

"हेच," डॉक्टर म्हणाला. "त्याच्या अंगात दोन कातरी, एक चांगली, एक मोडकी. एका कातरीवर काम भागतं, म्हणून तो धडधाकट. त्याच्या काही लेकींना मोडकी गेली. त्याही धडधाकट. पण बाप आणि लेक एकत्र आले की एखाद्या कोकराला दोन्हीकडून मोडकीच मिळते."

मी बोटांवर मोजून बघितलं. सुनेनं कोकरं हातात घेतली त्याच वर्षी त्याच्या लेकी पहिल्यांदा व्यायल्या होत्या. ते दोन्ही एकाच वर्षी आलं. मी आणखी दोन वर्षं कोकरं धरली असती तर सहाच्या सहा माझ्या हातात फाटली असती.

हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण दुसरंच काही डोक्यात शिरलं. मी विचारलं, "डॉक्टर, माझी सून माझ्या भावाची लेक हाय. मंग आमच्यात?"

तो गडबडला. "माणसात दर वेळी तसं होत नाही," म्हणाला.

"दर येळी होत न्हाई म्हंजे कवाकवा होतं?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बापलेकीइतकं जवळचं नाही ते. तुमची नात चांगली आहे ना? मग झालं." झालं म्हणायला त्याचं काय जातं? मी नात चांगली आहे हे कशावरून म्हणायचं, मेंढाही चांगलाच दिसत होता.

भावाचं गाव कनेरगाव नाक्याच्या पुढं आहे. दुसऱ्याच दिवशी मी एकटी बस बदलत गेले. भाऊ रानात होता. भावजय दारात भेटली, या म्हणाली नाही. नात अंगणात खेळत होती. मी खाली बसले, तिला जवळ ओढलं आणि तिच्या दंडाला चिमटा घेतला. कातडी उचलली, सोडली, परत जागेवर बसली. पोटाला घेतला. पाठीला घेतला. पोरगी रडायला लागली.

"काय करून राहिल्या तुमी?" भावजय धावत आली. "मायले छळून झालं, आता लेकराले बी त्रास देऊन राहिल्या का?"

"कातडी बघून राहिले."

"काहून? कोकरू हाय का ते?"

मी सांगायचा प्रयत्न केला. मोळी, कातर, शेपूट. भावजय कपाळावर हात मारून आत गेली आणि सुनेला म्हणाली, "ये वं, तुई सासू पाह्य, येडी झाली." सून बाहेर आली. हातात परत बांगड्या भरलेल्या होत्या, हिरव्या. तिनं लेकराला उचललं आणि उभीच राहिली.

मी म्हणाले, "तुझा हात न्हाई. मेंढ्याचं हाय. डॉक्टर म्हनला. चल घरी."

"कोणापुढं म्हनला?"

"माझ्यापुढं."

"माझा हात वंगाळ हाय असं तुमी कोणापुढं म्हनल्या व्हत्या?"

"भावकीम्होरं."

"त्यांच्यापुढं म्हना. मंग येते. न्हाई तर हितंच बरी हाय मी."

संध्याकाळी भाऊ आला. त्याला मी हात जोडले नाहीत, ते मला जमत नाही. मी म्हणाले, रविवारी लेकीला घेऊन ये, भावकी बसवते. तिनं सगळं ऐकावं. पटलं तर राहावं, नाही पटलं तर तुझ्याबरोबर परत जावं, मी पुन्हा न्यायला येणार नाही. भाऊ तंबाखू मळता मळता बरं म्हणाला.

रविवारी ते दोघं नातीला घेऊन आले. सुनेनं हातातली पिशवी खाली ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसली. माणसं जमली. मला बोलायचं होतं आणि मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं. डॉक्टरचं सगळं पाठ करून आले होते, पण पहिल्या वाक्यालाच शेपूट आधी आलं आणि पेशी राहून गेल्या. मी मागं जाऊन पेशी घेतल्या तर खळ राहिली. दीर म्हणाले, "वैनी, सूत काय, कातर काय, कोकराच्या पोटात विणकराचं घर हाय का?" सगळे हसले. माझा मुलगाही हसला, मग त्यानं माझ्याकडं बघून तोंड खाली घातलं.

मी म्हणाले, "मला समजलं न्हाई. मी समजावून सांगू शकत न्हाई. पर ही माहेरी व्हती आन कोकरू माझ्या हातात फाटलं. ते तरी तुमाला समजतं का न्हाई?"

हसणं थांबलं.

"हात वंगाळ हाय असं मी म्हनले व्हते. तुमच्याच म्होरं म्हनले. ते खोटं व्हतं. तिच्या बांगड्या उतरवल्या ते बी चुकलं. आता तिला कोणी म्हनंल तर मला म्हना."

दीर म्हणाले, "मंग देवाचा मेंढा खोटा म्हनायचा का?"

देवाचं जनावर आणि मोडकी कातर, हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा सून बोलली, मोठ्या माणसांत आमच्या सुना बोलत नाहीत, पण ती बोलली. "खोटा कशाला? ऱ्हाऊ द्या त्याला कळपात. पोटाखाली गोणपाट बांधा, म्हंजे त्याच्यापासनं मेंढी गाभण ऱ्हायची न्हाई. दुसरा मेंढा आणा."

"देवाच्या मेंढ्याला लंगोट?" दीर म्हणाले, आणि या वेळी जे हसले ते तिच्यावर हसत नव्हते. त्यांनीही शेवटी मान हलवली. देवाला विचारून बांधा, म्हणाले. मुलानं भंडारा लावून त्याच दिवशी गोणपाट बांधलं.

भाऊ एकटाच परत गेला. सुनेनं पिशवी आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या सोडायच्या आधी ती आणि मी कुंपणाची जाळी गुंडाळत होतो. ती म्हणाली, "आत्या, ते धाग्याचं तुमाला खरंच समजलं का?"

"न्हाई."

"मंग काय समजलं?"

"तुझ्या हाताचं न्हाई, एवढंच."

"एवढं तर मी पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं."

सांगितलं होतं. मी जाळीचं माझ्या बाजूचं टोक तिच्या हातात दिलं आणि मेंढ्यांना वाट करून दिली.